दुप्पट तेल

अण्णांची मोटारसायकल म्हणजे घराण्याची एकी, असं अच्युत पाहुण्यांना गंभीरपणे सांगत असे. अण्णा, म्हणजे वडील, गेल्यावर घरात मधोमध भिंत घालून झाली होती. गाडी तेवढी चिरता येईना, म्हणून ती अच्युत आणि मुकुंद या दोघा भावांकडे आठवडा-आठवडा.

आज ती दारातच धूर ओकून बंद पडली. अच्युतने एअर फिल्टरचा डबा उघडला, तर काळं तेल पायजम्यावर ओघळलं.

"मुकुंदा, इंजिनात तेल किती ओततोस? जास्तीचं सगळं फिल्टरात चढलंय."

"दादा, तू घालत नाहीस, म्हणून मी तुझ्या वाटचंही घालतो."

"मी घालत नाही? तू घालणार नाहीस म्हणून मीच दुप्पट घालतो!"

अण्णा गेल्यापासून दोघांनी मन लावून केलेलं हे पहिलंच सामाईक काम. अच्युतला भावाच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

"म्हणजे हे सांडलंय ते तुझं," मुकुंद म्हणाला.

"माझं आधी घातलेलं, ते तळाशी. वर आलं ते तुझं," अच्युतने सुनावलं.

सांडलेलं तेल कोणाचं हे ठरेना, म्हणून दुरुस्ती राहिली आणि महिन्याभरात गाडी भंगारात गेली. आता दोन दारांपुढे दोन स्कूटर असतात, बॅटरीवर चालणाऱ्या. त्यांना तेल लागत नाही.