टॉवरची पैज

“मारतोस पैज? पुढच्या रविवारचा चर्चमधला मिस्सा सुटेपर्यंत स्वतःच्या मोठेपणाचा एक शब्द काढायचा नाही.”

सलूनवाल्यानं वस्तरा हवेतच धरला होता. खुर्चीत, फेसाच्या आड, टॉवर बसला होता. शहरातली सगळ्यात उंच इमारत त्यानं बांधली तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त बायकोच्या लक्षात राहिलं होतं. त्याला किती वाजले विचारलं तरी उत्तर यायचं, “माझ्या इमारतीवरच्या घड्याळात ना?”

“आणि काढला तर?”

“चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून कोंबड्यासारखं आरवायचं. सगळ्यांदेखत.”

“आणि तू हरलास तर?”

“मिशी उतरवतो.”

ती मिशी म्हणजे दुकानाची पाटी होती. बाकावर बसलेली शेजारची किराणावाली मावशी आपणहून पंच झाली. “उद्याच कोसळतो बघ टॉवर,” ती म्हणाली आणि हसत तांदूळ मोजायला निघून गेली.

टॉवर कोसळला नाही. जिभेला गाठ मारून फिरला. साइटवर मुकादमाला वाटलं, साहेबांची दाढ दुखतेय. बायकोनं गुपचूप त्याचं कपाळ चाचपून पाहिलं. मिशी उतरलेला सलूनवाला डोळ्यांपुढे आणला की त्याला गप्प राहायला बळ यायचं.

बुधवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा आईच्या खोलीत गेला. आई अंथरुणाला खिळली होती. नजर तर कधीचीच गेली होती. दोन मुलगे, दोघांचा आवाज सारखा. फोनवर बायकोसुद्धा फसायची, पण आई कधी चुकली नव्हती. दारातूनच “आई, आज सहावा मजला चढवला” असं ओरडत येतो तो थोरला. गुपचूप येऊन हात धरतो तो धाकटा.

धाकटा फादर झाला होता. डोंगरापलीकडे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात लोकांच्या जखमा धूत असे. आईचा जीव त्याच्यात अडकला होता. त्यानं येऊन डोक्यावर हात ठेवावा, प्रार्थना म्हणावी, मग डोळे मिटायला ती मोकळी. तो निघालाय असा निरोप आला होता. पण वाट लांबची होती, आणि सकाळीच डॉक्टरांनी टॉवरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आजची रात्र काढली तरी पुष्कळ.”

टॉवर आत आला. नव्या हॉटेलचं काम मिळालं होतं, ते ओठापर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. आता बोलायचं काय, हे सुचेना. म्हणून स्टूल ओढून बसला आणि आईचा हात हातात घेतला.

आईनं तोंड वळवलं. “आलास? आलास रे धाकट्या!”

टॉवर चपापला. “आई, अगं मी…”

“काही बोलू नकोस. कळलं मला. थोरला असता तर एव्हाना तिसऱ्या मजल्यावर पोचला असता!”

दारात औषध घेऊन आलेली बायको हसली, आणि मग आईचा चेहरा बघून तिथंच थांबली.

‘मी थोरला’ म्हणायला पैजेची आडकाठी नव्हती. पण टॉवरनं आईला संगमरवरी न्हाणीघर बांधून दिलं होतं, छापून आलेलं कौतुक वाचून दाखवलं होतं, तेव्हा हा चेहरा त्याला एकदाही दिसला नव्हता.

“तूच ना रे?”

“हो आई. मीच.” त्यानं सोन्याची अंगठी बोटातून काढून खिशात टाकली.

“मग प्रार्थना म्हण.”

तो म्हणू लागला. अर्ध्यावर अडकला. पुढची आईनंच म्हटली. “रोजची प्रार्थना विसरलास? फादर कसला रे तू?”

“दमलोय गं.”

“दमणारच. ठेव हात डोक्यावर.”

त्यानं ठेवला.

“किती मऊ झालाय हात. सारखा पाण्यात असतो म्हणून.” ती जरा थांबली. “थोरला कसा आहे?”

“बरा आहे.”

“त्याच्यावर लक्ष ठेव. तिथं वर एकटा पडतो बिचारा.”

मग ती झोपली. सकाळी उठली नाही.

धाकटा पोचला तो दफनाच्या वेळी, धुळीनं भरलेल्या चपलांनिशी.

रविवारी मिस्सा सुटला. लोक पायऱ्या उतरत होते. सलूनवाला पिशवीत वस्तरा आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे आला. चेहरा पाडून म्हणाला, “हरलो रे. आठवडाभरात चकार शब्द काढला नाहीस, साऱ्या गल्लीला विचारलं मी. इथंच उतरवतो.”

“अरे, घरात काय झालंय आणि तुमचं काय चाललंय!” मावशी करवादली. “राहू दे ती पैज.”

“राहू दे ती मिशी,” टॉवर म्हणाला. “मी हरलोय.”

“तू? कुणापुढे बोललास?”

“आईपुढे. बुधवारी.”

“काय, इमारतीचं?”

“इमारत मी खरंच बांधलीय रे. ती कसली बढाई?” धाकटा एका लंगड्या म्हाताऱ्याला धरून पायऱ्या उतरवत होता. टॉवरनं त्याच्याकडे बोट दाखवलं. “आईला म्हणालो, मी हा आहे.”

सलूनवाल्यानं वस्तरा परत पिशवीत टाकला. टॉवर सगळ्यात वरच्या पायरीवर गेला, मान ताणली, आणि सगळ्यांदेखत आरवला.