आडवी शिंक

सासूची तपकिरीची डबी पदराआड धरून कुमुद नवरा बाहेर पडायची वाट पाहत होती.

दरवर्षी आंबा मोहरला की तो उंबरठ्यावरच शिंकायचा. शिंक आडवी आली म्हणून परत फिरायचा, झोपाळ्यावर टेकायचा आणि तिच्या हातचं पाणी पिऊनच निघायचा. यंदा गावातल्या नव्या डॉक्टरणीने ॲलर्जीची गोळी दिली, शिंका पळाल्या. वर याचं रोजचं पालुपद, "बाईंच्या हाताला काय गुण आहे!"

जळो मेला तो गुण!

त्याने चपला घातल्या तशी कुमुदने चिमूटभर तपकीर ओढली आणि दणदणीत शिंकली. नवरा परत फिरला, टेकला, पाणी प्यायला. तिला स्वर्ग दोन बोटं उरला.

"तुलाही मोहोर बाधला वाटतं," तो काळजीने म्हणाला. "थांब, डॉक्टरीणबाईंना घरीच घेऊन येतो."