पूर्णिमा गप्प राहते

"हसा रे, जोरात हसा! मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे," छाया मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. लाइट गेलेली, पंखा बंद, शेवटचा तास आणि नाटिकेची ही सहावी तालीम. शाळेत कुणी कुणाला चिडवू नये यावर शनिवारच्या बालसभेत काहीतरी करून दाखवा, असा वरून कागद आला होता.

नाटिका पोरांनीच लिहिली होती. वर्गात बोलता तसंच लिहा, खरं वाटलं पाहिजे, असं मॅडमनी बजावलं होतं. रितेशनं मधल्या सुट्टीत बसून दोन पानं लिहून आणली. एक खाडाखोड नाही. मॅडमनी त्याची पाठ थोपटली आणि चिडवणाऱ्याचं काम त्यालाच दिलं. जिला चिडवायचं ती कोण, हे विचारायचीही गरज पडली नव्हती. सगळा वर्ग एका सुरात ओरडला होता, "मॅडम, पूर्णिमा!"

पूर्णिमाच्या घरचे केळीचे घड कापायच्या कामाला जातात. शाळेच्या आधी तीही जाते, कापलेले घड उचलून पानांवर रचायला. केळीचा चीक कपड्यावर पडला की वाळून काळा होतो, मग दगडावर कितीही घासा, निघत नाही. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून बाहीपर्यंत तसे डाग होते.

सकाळी हीच पोरगी स्टाफरूमच्या दाराशी आली होती. "मॅडम, माझं नाव काढा ना. मी पडदा ओढीन, काहीबी करीन. नाहीतर सोमवारपासून मी शाळेतच येत नाही."

"अगं, नाटकच तर आहे," मॅडम वह्यांतून मान वर न काढता म्हणाल्या होत्या.

"चला, पहिल्यापासून!" आता तालमीत मॅडमनी टाळी वाजवली.

रितेश कमरेवर हात ठेवून पुढे आला. "ए चितकबरी! साबण भेटत नाही का तुमच्या घरी? चल हट, दाग लग जाएगा!"

पोरं खदाखदा हसली. पूर्णिमानं मान खाली घातली.

"कसली भारी करते ना पूर्णिमा, मॅडम?" बाकावरची मोनाली म्हणाली. "हिला तर शिकवावंच लागत नाही."

छाया मॅडम पूर्णिमाकडं पाहत होत्या. पूर्णिमाचा हात खांद्यावरच्या डागावर गेला होता, पण रितेशनं तोंड उघडायच्या आधीच. पाच तालमी झाल्या, त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. आणि आता आठवू लागलं, तर तालमी सुरू व्हायच्या आधीही हा हात तिथंच असायचा.

त्या उठल्या. सगळ्या दिवसाचा शीण पायात उतरला होता.

"रितेश, तू पूर्णिमाच्या जागी उभा राहा. मोनाली, तू त्याचं काम कर."

"मी? मॅडम, मैं क्यों?"

"उभा राहा म्हटलं ना."

मोनालीला कागद लागलाच नाही. "ए चितकबऱ्या!" तिनं असा काही हेल काढला की पोरं बाकं बडवून हसली. हे हसू शिकवलेलं नव्हतं. रितेशही आधी हसला. मग त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, आता मी काय बोलू? माझा डायलॉग कोणता?"

मॅडमनी पानं उलटली. पूर्णिमाचं नाव चार ठिकाणी होतं आणि चारही ठिकाणी पुढं कंसात एवढंच, पूर्णिमा गप्प राहते. खाली लाल शाईत 'छान' असा शेरा आणि त्यांची स्वतःची सही.

"तुला डायलॉग नाही," त्या म्हणाल्या.

"मग नुसतं उभं राहून करू काय?"

पूर्णिमा खिडकीशी सरकली होती. तिथूनच तिनं सांगितलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायचं. आणि डोळे पुसायचे नाहीत, पुसले की जास्त हसतात."

रितेशनं मान खाली घातली. मोनालीनं पुन्हा हेल काढला, पुन्हा हसू उठलं. मॅडमनी हात वर केला, तसं ते एका एका बाकावरून ओसरू लागलं. मागं कुणीतरी अजून खुसखुसत होतं. रितेशनं हळूच मान उचलली.

"झालं?"

"अजून वर नको पाहू," पूर्णिमा म्हणाली. "एवढ्यात नाही थांबत ते."