कधीपासून

"दोन महिने," आई म्हणाली. रस्ताभर मनात घोकलेलं उत्तर अगदी बेतून शिवल्यासारखं नीट बाहेर पडलं.

समोरची डॉक्टर वयाने लहान होती. तिने ते लगेच लिहून घेतलं नाही. खुर्ची जराशी पुढे ओढली आणि हसून म्हणाली, "घाई नाही, काकू. सावकाश सांगा. दिवसभर काय काय करता?"

"काय करत नाही ते विचारा," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. सकाळी कपडे वाळत घालताना तिला आईच्या ब्लाउजवर छातीपाशी पडलेला डाग दिसला होता, आणि बादली तशीच टाकून ती आईला इथे घेऊन आली होती. "दुखणं अंगावर काढावं तर हिनेच. दोन महिने, आई! मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"दोन महिन्यांचं काय एवढं मोठं."

आईला तेवढंच सांभाळायचं होतं. दोन महिन्यांसाठी मुलगी चार दिवस अबोला धरेल आणि विसरून जाईल. खरं कळलं, तर जन्मभर स्वतःला खात बसेल.

डॉक्टरने झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. शिवणाचं मशीन अजून चालवता का, म्हणाली. "चालवते की. डोळे दगा देतात, पाय अजून माझे आहेत," आई म्हणाली, आणि डॉक्टर मनापासून हसली. आईला बरं वाटलं. इतकं बारीक तिला कोणी कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं. घरात विचारायचे ते चष्मा कुठे आणि किल्ली कुठे.

माणसं तारखा विसरतात, घरातल्या गोष्टी विसरत नाहीत, हे डॉक्टरला तिच्या शिक्षकांनी शिकवलं होतं. म्हणून तिने विचारलं, "नातवंडं?"

"एकच नातू. हिची नोकरी तेव्हा कच्ची होती. एक रजा जास्त झाली की बसा घरी. मग मीच सांभाळला त्याला. रडका तरी किती! खांद्यावर घेतल्याशिवाय डोळा मिटायचा नाही."

"हात भरून येत असतील मग."

"एकच हो, उजवा. डाव्या खांद्यावर घेतलं की त्याचं अंग नेमकं गाठीवर दाबायचं."

बोलून झाल्यावर आईने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. हवं ते उत्तर मिळालं होतं. पण त्याआधी मुलीला बाहेर बसवायचं, हे ती विसरली होती.

"आई," मुलगी म्हणाली. "तो आता सायकल चालवतो."

"तेव्हा वाटाण्याएवढी होती गं. काही खायला मागत नव्हती."

"मी भांडायचे तुझ्याशी. म्हणायचे, एकाच खांद्यावर घेऊ नकोस, त्याची मान वाकडी होईल. म्हणायचे, तुला आता लेकरू सांभाळणं जमत नाही."

"म्हणायचीस खरी." आई हसायला गेली. "अगं, सांगणारच होते. तुझी नोकरी पक्की झाली की सांगू म्हटलं. मग त्याचं आजारपण निघालं. मग तुझी बदली. मध्ये शिरायला जागाच नव्हती."

मुलगी आईच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिली.

"ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" डॉक्टर हळूच म्हणाली.

"आता?"

डॉक्टरने मान खाली घातली. विचारायचं अजून राहिलं होतं. "काकू, तुमच्या माहेरी कोणाला असं काही? आई, बहिणी?"

आता लपवायला उरलं तरी काय होतं? "आईला होती. अशीच, छातीत. तेव्हा कोणी नाव घेत नसे. बायकी दुखणं म्हणायचे आणि खोलीचं दार ओढून घ्यायचे. कपडे मी धुवायचे तिचे."

"केवढ्या होत्या त्या?"

"गेली तेव्हा? असेल आत्ताच्या हिच्याएवढी."

डॉक्टर वळून मुलीकडे बघू लागली. आतापर्यंत आईकडे बघत होती तसंच, लक्ष देऊन. "ताई, तुमची कधी तपासणी झालीय?"

"माझी? मला काय झालंय?"

"आजी, आणि आता आई. अशा घरातल्या मुलींना आम्ही दर वर्षी बोलावतो. काकूंनी तेव्हाच दाखवलं असतं, तर तुमचंही तेव्हापासून..." डॉक्टर थांबली. "म्हणजे तसं काही असेलच असं नाही. पण बघायला हवं."

आईला ते पटकन कळलं नाही. आपण एकटीने गिळलं की ते आपल्याच पोटात राहतं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. मग कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला. डागाच्या वेळी पडला नव्हता, गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हाही नाही.

डॉक्टरने पडदा सरकवला, पलंगावरची चादर सारखी केली. "या काकू. आडव्या व्हा, बघते."

आई उठली. पलंगाकडे गेली नाही. तिने मुलीच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली, शाळेतून आल्यावर दप्तर काढून घ्यावं तशी. मग दंडाला धरून तिला उभं केलं, पलंगापाशी नेलं आणि बसवलं.

"आधी हिला बघा," ती म्हणाली.