काकांचं नाव

दाराची कडी खणकन वाजली. पुढच्या खोलीत दहा मुलं बसली होती, पण आवाज ऐकू आला तो फक्त मला. कर्णबधिर मुलांची ही शाळा सध्या आमच्याच घरात भरते. नव्या इमारतीच्या भिंती उभ्या आहेत, घोडं अडलंय छतापाशी. आणि ज्यांच्याकडून त्या छताची आशा होती, ते पंख्यांच्या कारखान्याचे मालक, पंखेवाले काका, आज मुलांना भेटायला आले होते.

मुलं प्रत्येकाला त्याच्या रूपावरून खुणेचं नाव ठेवतात. मी ‘वेणी’, त्यांच्या बाई ‘चष्मा’. काकांचा विग आम्हा मोठ्यांना वर्षभर कळला नव्हता. मुलांनी दोन मिनिटांत बारसं उरकलं: डोक्यावरचे केस टोपीसारखे उचलायचे आणि परत ठेवायचे.

“काय म्हणताहेत गं पोरं?” काकांनी विचारलं.

“तुमचं नाव घेताहेत,” मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

काकांना गहिवरून आलं. त्यांनी स्वतःही ती खूण दोनदा करून पाहिली. “छत माझ्याकडे लागलं. फक्त दारावर माझं नाव अक्षरांत नको. या खुणेचंच चित्र काढा, चांगलं मोठं.”

ते गेल्यावर त्या दहांतल्याच माझ्या लेकीनं माझी बाही ओढली आणि बोटांनी विचारलं,

“आई, काकांना अर्थ छताआधी सांगायचा, की छत झाल्यावर?”