परतीची नळी

"हाही नको," म्हणत बाईंनी रेग्युलेटर टेलरच्या हातातून काढून घेतला. "तुमचा पंप जोराचा आहे. याला झेपायचा नाही."

टेलरने मान डोलावली. पंप त्याने बाईंच्या याच गाडीच्या पार्टांच्या दुकानातून घेतला होता, त्याआधी इंजेक्टर, त्याआधी प्रेशरचं मीटर. आता टर्बोच्या इंजिनात पेट्रोलचा दाब सांभाळणारी ही मुठीएवढी वस्तू तेवढी राहिली होती, आणि ती काही केल्या ठरत नव्हती.

मागच्या खेपेला बाईंना आतला पडदा पातळ वाटला होता. त्याआधी स्क्रू ढिला वाटला होता. टेलर दर वेळी मन लावून ऐकायचा, बोटांवरचा शिवणकामाचा खडू पँटला पुसायचा आणि "येतो मग पुन्हा" म्हणून चालत निघून जायचा. गाडी कधी आणायचा नाही. ती घरी उघडून ठेवलीय म्हणे.

तो गेला की गल्ल्यावर बसलेली बाईंची धाकटी बहीण खुसुखुसु हसायची. "ताई, तू पार्ट विकतेस की लपवतेस?"

लपवतच होत्या. योग्य रेग्युलेटर पहिल्या दिवसापासून खालच्या खणात पडून होता. पण तो दिला की गाडी पूर्ण, आणि मग हे गिऱ्हाईक कशाला फिरकतंय दुकानाकडे? बाईंना हा माणूस आवडला होता, सरळ सांगायचं तर फारच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी "ही परतीची नळी कशाला?" असं खरोखर जाणून घ्यायच्या आवाजात विचारलं नव्हतं. जास्तीचं पेट्रोल टाकीत माघारी जायला, असं त्यांनी सांगितलं होतं आणि उगाचच लाजल्या होत्या.

पण आज टेलर उठता उठता म्हणाला, "तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा? राहू दे गाडीतला मूळचाच. तसाच चालवतो."

टर्बोने हवा दाबली की पेट्रोलचा दाबही तेवढाच चढायला हवा. मूळच्याला ते जमलं नाही तर इंजिन उपाशी धावणार, पिस्टन जळणार, आणि भर रस्त्यात हा बापडा आत बसलेला. आपल्या हौसेपायी त्याच्या जिवाशी खेळ नको. बाईंनी खालचा खण उघडला.

"हा घ्या. पहिल्यापासून होता," एवढंच त्या बोलल्या. मान वर केली नाही. "पण बसवणार मी. आत्ताच्या आत्ता."

टेलरचा चेहरा उतरला. तो नको नको म्हणाला, घरी पसारा आहे म्हणाला. तोवर बाईंनी पाने पिशवीत टाकलेसुद्धा. वाटेत तो हळूहळू चालू लागला. रागावलाय, बाईंना वाटलं, आणि त्यांचेही पाय जड झाले.

त्याच्या घराखालच्या गॅरेजचं शटर वर गेलं. आत शिलाई मशीन होतं, शेजारी दोन खुर्च्या, आणि भिंतीवर हँगरची रांग. पंप, इंजेक्टर, मीटर, एकेक वस्तू इस्त्रीच्या कपड्यासारखी नीट टांगलेली. शेवटचा हँगर रिकामा होता.

टेलरने बाईंच्या हातून रेग्युलेटर घेतला आणि त्या हँगरला अडकवला.

"गाडी तेवढी," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "घ्यायची राहिलीय."