दाखल्यावरची गोदावरी

माझा प्रसन्न कॅनडात नोकरीला, म्हणून सुनेनंही तिथल्या वर्क परमिटचा अर्ज भरला. तो अडकला. पासपोर्टवर मुक्ता, लग्नाच्या दाखल्यावर गोदावरी. लग्नात ताटातल्या तांदळात हे नवं नाव मीच लिहायला लावलं होतं, माझ्या आईचं. आम्ही राहतो त्या लखनौच्या कचेरीतला नोटरी हसला, "माताजी, हमारे यहाँ सरनेम बदलता है, आपने तो पूरी लड़की बदल दी!" "भैया, मोहर चलाओ, ज़बान नहीं," मी म्हटलं. तो म्हणाला, दोघी एकच असल्याचं सासूनं लिहून द्यावं, पुढे कोणतं नाव ठेवायचं तेही. "आई, तुम्ही म्हणाल ते," सून म्हणाली. तीन वर्षं गोदावरी म्हटलं की ती ओ देते, पण क्षणभर उशिरानं. मी एकेक अक्षर जुळवत लिहिलं, मुक्ता. मग नोटरीला म्हटलं, "और लिखो, दूसरा नाम सास का शौक़ था."